पैसे 'अडकले' की 'गेले'?

मंडळी, सट्टा खेळणाऱ्याच्या तोंडी एक शब्द हमखास असतो: "पैसे अडकलेत." अडकलेलं काढता येतं, म्हणून तो काढायला जातो. आजचं सगळं बोलणं या एका शब्दाभोवती आहे.

आधी हिशेब. मटक्यात एकेरी आकड्याची दहा घरं, शून्य ते नऊ. लागला तर दहाला नव्वद. रोज 100 प्रमाणे महिन्याला 3000 लावले, तर सरासरीने 2700 परत येतात. बरं, एकच आकडा दहा दिवस धरून ठेवला तर? एकदाही न लागण्याची शक्यता जवळजवळ 35 टक्के आहे. वीस दिवस धरला तरी 12. म्हणजे सलग हरण्यात शनी-राहूचा हात नाही, हा खेळ असाच चालतो. मोंटे कार्लोला 18 ऑगस्ट 1913 रोजी रुलेटची, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकाची, गोळी सलग 26 वेळा काळ्यावर पडली. आता लाल येणारच, म्हणत लोक रकमा वाढवत गेले आणि बुडाले. गोळीला कालचं काही आठवत नसतं.

त्याहून जास्त डसतं ते थोडक्यात हुकणं. सहा लावला, सात आला. सहा-सात शेजारी आहेत ते कागदावर. निकालात सहाला सात जेवढा लांब, तेवढाच शून्य. मेंदूला मात्र ते जवळजवळ जिंकल्यासारखं वाटतं.

मग येतो हरल्यानंतरचा पहिला तास. कान तापतात, घरी काय सांगायचं ते सुचत नाही, आणि माणूस दुप्पट लावतो. बरोबरीच्या पैजेत, म्हणजे जिंकलं तर लावले तेवढेच वर मिळतात अशा पैजेत, 100 पासून दुप्पट करत गेलात, तर सलग सात हारींत 12,700 जातात. आठव्याला 12,800 हवेत, आणि जिंकलात तर सुटणार किती? 100!

या तासात फोन घरच्यांच्या हाती द्या आणि बाहेर पडा. इंदूरच्या सराफ्यात जाऊन गराडू (तळलेला कंद) खा, फक्त ज्याने सट्ट्याचा ऑनलाइन आयडी दिला त्याला सोबत नेऊ नका. दुसऱ्या दिवशी बँकेच्या ॲपमधली यूपीआयची मर्यादा खाली आणा आणि एक वही घाला. किती लावले, किती आले, आणि लावण्याआधी काय झालं होतं: पगार, भांडण, दारू, जागरण. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गेलेल्या रकमेपुढे 'गेले' असंच लिहा.

घरच्यांनी देणं फेडायचं ठरवलं तर रोख त्याच्या हाती नको, ज्याचं देणं आहे त्याला थेट द्या. खाईवालाच्या, म्हणजे सट्टा घेणाऱ्याच्या, धमकीने घाबरण्याआधी हे माहीत असू द्या: 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. खेळण्यासाठी बँकेतून काढलेलं कर्ज मात्र फेडावंच लागतं.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर वही-बिही बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि 14416 ला फोन लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास.

आणि हो, पहिल्या महिन्यात वहीतले आकडे थोडे खोटेच असतात. त्यावरून भांडू नका, वही चालू राहू द्या.