लिंबाची बाग, हप्ता आणि बंदूक

(दृश्य : रस्त्याकडेला रचलेले लिंबाचे क्रेट, मागे बाग.)

हे लिंबू जरा नीट बघा. पातळ सालीचं, लहान, रसाळ. श्रीगोंद्याच्या बाजारात जे कागदी लिंबू उतरतं, त्याच जातीचं हे आहे. आशियातून ते अरब व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेलं. पुढे स्पॅनिश लोकांनी ते समुद्रापार मेक्सिकोत नेलं आणि तिथल्या मिचोआकान राज्याच्या उष्ण खोऱ्यात ते असं रुजलं, की आज हजारो घरांची चूल त्याच्यावर पेटते. खोऱ्याचं नाव तिएरा कालिएंते. आपात्सिंगान, बुएनाविस्ता, तेपालकातेपेक, ला रुआना ही त्यातली गावं.

यातल्या ला रुआनाच्या चौकात 24 फेब्रुवारी 2013 च्या रविवारी इपोलितो मोरा या लिंबू बागायतदाराने गाव गोळा केलं. लोक आले ते शिकारीच्या बंदुका आणि घरात असेल नसेल ते हत्यार घेऊन. त्याच दिवशी शेजारच्या तेपालकातेपेकमध्येही लोक उठले. तिथे पुढे आले डॉक्टर होसे मानुएल मिरेलेस, पेशाने सर्जन. एक लिंबूवाला आणि एक डॉक्टर. सैन्यात सेनापती शोभावा असं दोघांत काही नव्हतं.

मग या माणसांनी बंदूक का उचलली?

त्या काळी या खोऱ्यावर राज्य होतं काबायेरोस तेम्प्लारिओस या टोळीचं. मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांचं नाव घेतलेली ही टोळी 2011 मध्ये ‘ला फामिलिया मिचोआकाना’ या जुन्या टोळीतून फुटून निघाली. अमली पदार्थ हा तिचा मूळ धंदा. पण नुसत्या त्या धंद्यावर तिचं भागेना. तिने गावच खायला घेतलं. लिंबावर किलोमागे हप्ता, आवोकादोवर हप्ता, मक्याच्या तोर्तिया विकणाऱ्या दुकानावर हप्ता. लिंबाचं पॅकिंग होतं त्या शेडही टोळीच्या ताब्यात. कुठल्या दिवशी तोडणी करायची, माल कुणाचा घ्यायचा आणि भाव काय द्यायचा, हे टोळी ठरवणार. शेतकऱ्याने नाही म्हटलं तर त्याचा माल झाडावर पिवळा पडून खाली गळणार. मोरांचा मालही असाच अडवला गेला होता.

पैसा जात होता तोवर लोक दात-ओठ खात गप्प राहिले. मिरेलेस नंतर कॅमेऱ्यासमोर सांगत, की टोळीची माणसं घरातल्या बायकामुलींवर हात टाकायला लागली, तिथे गावाचा बांध फुटला.

पोलिसांत का गेले नाहीत, असं आपल्याला वाटेल. त्याचं उत्तर एका चित्रफितीत आहे. टोळीचा एक म्होरक्या सर्वांदो गोमेस ऊर्फ ‘ला तुता’, हा आधी शाळामास्तर होता. राज्याच्या गव्हर्नरचा मुलगा त्याच्यासोबत बसून बोलतोय, हे दृश्य 2014 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. दुसरा म्होरक्या नासारिओ मोरेनो. डिसेंबर 2010 मध्ये तो चकमकीत मारला गेला, असं सरकारने जाहीर केलं होतं. मृतदेह मात्र सापडला नव्हता. गावागावांत त्याची देवळी उभी राहिली, त्याला संत मानून पुतळे बसवले गेले, आणि लोक दबक्या आवाजात एकमेकांना सांगत राहिले की हा संत जिवंत आहे, आपण त्याला बघितलंय. लोकांचंच खरं निघालं. 9 मार्च 2014 ला सैन्याने त्याला ठार केलं, तेव्हा सरकारला तो दुसऱ्यांदा मेल्याचं जाहीर करावं लागलं. ज्या सरकारला मेलेलं कोण आणि जिवंत कोण हे सांगता येत नाही, त्याच्याकडे लिंबाच्या हप्त्याची तक्रार घेऊन कोण जाणार?

(दृश्य : वाळूच्या गोण्यांचा नाका, पांढरे टी-शर्ट घातलेली माणसं.)

गावकऱ्यांच्या या दलांना तिकडे आउतोदेफेन्सास म्हणतात. गावाच्या वेशीवर वाळूच्या गोण्या रचायच्या, येणारी-जाणारी गाडी थांबवायची, आपलं गाव सुटलं की पुढच्या गावाला हात द्यायचा, अशी त्यांची रीत. वर्षभरात ते खोरंभर पसरले. जानेवारी 2014 मध्ये ते नुएवा इतालियात शिरले आणि फेब्रुवारीत थेट आपात्सिंगानमध्ये, म्हणजे टोळीच्या घरात. टोळीने बळकावलेल्या बागा मूळ मालकांना परत देण्याचे जाहीर कार्यक्रम झाले. बंदुकाही बदलत गेल्या. शिकारीच्या बंदुकांच्या जागी एके-47 आल्या. त्यातल्या काही टोळीकडून हिसकावलेल्या. बाकीच्या कुठून आल्या, यावर तेव्हाच कुजबुज सुरू झाली. शेजारच्या हालिस्को राज्यातली मोठी टोळी आपल्या शत्रूचा काटा परस्पर काढण्यासाठी या लोकांना रसद पुरवते आहे, असा आरोप सरकारी अधिकारी उघडपणे करत होते.

सगळ्या दलांवर हा आरोप ठेवणं मला पटत नाही. पण तो साफ उडवूनही लावता येत नाही, कारण पुढे जे घडलं ते त्याच वळणाने गेलं.

तेम्प्लारिओस हरतायत हे दिसू लागताच टोळीतली माणसं भराभर बाजू बदलू लागली. काल हप्ता गोळा करणारा आज पांढरा टी-शर्ट घालून नाक्यावर उभा. लोकांनी अशांना नाव दिलं ‘लोस पेर्दोनादोस’, म्हणजे माफ केलेले. त्यांना माफी कुणी दिली? गावाला कुणी विचारलंच नव्हतं. ज्याच्याकडे जास्त बंदुका, त्या म्होरक्याला आणखी माणसं हवी होती. माझ्या मते या चळवळीचा घात तिथे झाला, सरकारचा हात पडण्याच्या आधीच.

सरकारचा हातही पडलाच. जानेवारी 2014 मध्ये केंद्राने आल्फ्रेदो कास्तियो यांना मिचोआकानसाठी खास आयुक्त नेमलं. 10 मे ही मुदत दिली. त्या दिवसापर्यंत शस्त्रांची नोंद करा आणि फुएर्सा रुराल या नव्या ग्रामीण पोलीस दलात भरती व्हा, नाहीतर अटक. अनेकांनी निळा गणवेश घेतला. त्यांत गावाची खरी माणसं होती, माफ केलेलेही होते, आणि पुढे स्वतःच टोळी म्हणून कुख्यात झालेल्या ‘लोस व्हियाग्रास’चे लोकही होते. मिरेलेस यांनी गणवेश नाकारला. 27 जूनला त्यांना बेकायदा शस्त्रांच्या गुन्ह्यात पकडलं आणि जवळपास तीन वर्षं तुरुंगात ठेवलं. ते जामिनावर सुटले आणि नोव्हेंबर 2020 मध्ये कोविडने वारले. फुएर्सा रुराल तर 2016 मध्येच मोडीत निघालं होतं.

इपोलितो मोरांनी गणवेश घेतला होता. पण 16 डिसेंबर 2014 ला त्यांच्याच ला रुआनात दोन गट एकमेकांवर तुटून पडले. दोन्ही गट आउतोदेफेन्सासमधूनच निघालेले. अकरा माणसं मेली. त्यांत मोरांचा मुलगा होता. मोरा गाव सोडून गेले नाहीत. माफ केलेल्यांची आणि नव्या टोळ्यांची नावं घेत राहिले, 2021 मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून हरले, पुन्हा बागेत परतले. 29 जून 2023 ला घराजवळच त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. तीन अंगरक्षकांसह ते ठार झाले. ज्या गावाच्या चौकातून त्यांनी सुरुवात केली, तिथे दहा वर्षांनी हप्ता पुन्हा चालू होता. फक्त घेणारे वेगळे होते.

(दृश्य : पाइन वृक्षांचं जंगल, चौकात पेटलेली शेकोटी.)

आता त्याच राज्याच्या डोंगराकडे येऊ. इथलं चेरान हे पुरेपेचा आदिवासींचं सुमारे वीस हजार वस्तीचं गाव. इथे लिंबू नाही, पाइनचं जंगल आहे. टोळीच्या संरक्षणात लाकूडतोडे रोज ट्रक भरभरून झाडं नेत होते. विरोध करणारे मारले जात होते, बेपत्ता होत होते. मग लाकूडतोडे ‘ला कोफ्रादिया’ नावाच्या झऱ्यापर्यंत पोचले. झाडं गेली की पाणी जाणार, हे सगळ्यात आधी बायकांना कळलं.

15 एप्रिल 2011, शुक्रवारची पहाट. एल काल्व्हारिओ चर्चजवळच्या रस्त्यावर बायकांनी लाकडाचे ट्रक अडवले. हातात काठ्या, दगड आणि जत्रेत उडवतात तसले बाण. चर्चची घंटा वाजली, गाव धावून आलं. काही तोड्यांना पकडून बांधून ठेवलं, ट्रक जाळले. टोळी उलटून येणार हे उघड होतं, म्हणून त्या रात्री गल्लीगल्लीच्या कोपऱ्यावर शेकोट्या पेटल्या आणि शेजारीपाजारी आळीपाळीने जागू लागले.

या शेकोट्यांपाशी थोडं थांबायला हवं, कारण चेरानचं वेगळेपण तिथेच घडलं. महिनोन् महिने त्या विझल्या नाहीत. तिथेच स्वयंपाक, तिथेच पोरांचा अभ्यास, तिथेच वाद. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे शेजारी एका भांड्यातलं जेवू लागले. गावाने नगराध्यक्षांना आणि पोलिसांना हाकललं, पोलिसांची शस्त्रं काढून घेतली, राजकीय पक्षांना वेशीबाहेर ठेवलं. आणि मग ते कोर्टात गेले. आम्हाला आमच्या जुन्या रीतीने कारभारी निवडू द्या, ही त्यांची मागणी होती. नोव्हेंबर 2011 मध्ये निवडणूक न्यायाधिकरणाने ती मान्य केली. तेव्हापासून शेकोटीवर नावं सुचवली जातात, मोहल्ल्याच्या सभेत ती येतात, आणि मतपत्रिकेऐवजी लोक आपल्या माणसाच्या मागे रांगेत उभे राहतात. चार मोहल्ले, प्रत्येकी तीन, अशी बारा जणांची थोर परिषद. मुदत तीन वर्षं.

गावाचं रक्षण करणारी ‘रोंदा कोमुनितारिया’ हीसुद्धा याच शेकोट्यांमधून निवडली जाते. हातात बंदूक तिच्याही असते. पण रोंदातल्या पोराने उद्या कुणाकडून पैसे उकळले, तर त्याचं नाव ज्या शेकोटीने सुचवलं, तिथे त्याची आई बसलेली असते, त्याचा शिक्षक बसलेला असतो, आणि त्याला घरी बसवायचा अधिकार त्यांच्या हातात असतो. ला रुआनातल्या बंदूकधाऱ्याला वर होता तो फक्त त्याचा म्होरक्या. चेरानमध्ये दुःख सरलं असं कुणी म्हणणार नाही. गेलेली माणसं परत आली नाहीत आणि उजाड डोंगर अजून भरतायत. पण गावाच्या स्वतःच्या रोपवाटिकेतून पाइनची रोपं डोंगरावर जातात, आणि तोड्यांचे ट्रक पहिल्यासारखे उघड फिरत नाहीत.

(दृश्य : अॅरिझोनाचं वाळवंट, लोखंडी कुंपण.)

इथून उत्तरेला, सुमारे दीड हजार किलोमीटरवर अमेरिकेची अॅरिझोनाकडची सीमा लागते. तिथेही सशस्त्र नागरिक उभे असतात आणि तेही टोळ्यांविरुद्ध उभं राहिल्याचं सांगतात. एप्रिल 2005 मध्ये ‘मिनिटमन प्रोजेक्ट’चे लोक अॅरिझोनाच्या सीमेवर खुर्च्या टाकून पहाऱ्याला बसले. त्यांचे स्वतःचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अशा गटांना कायदा हातात घेणारे म्हटलं होतं. एप्रिल 2019 मध्ये न्यू मेक्सिकोत अशाच एका गटाने बायकामुलांसह सीमा ओलांडणारी कुटुंबं बंदुकीच्या धाकाने थांबवून ठेवली. आणि 30 मे 2009 ला अॅरिझोनातल्या अरिव्हाका गावात अशाच एका गटाची म्होरकी साथीदारांसह एका घरात घुसली. घरात अमली पदार्थांचा पैसा असेल, तो लुटून आपला गट चालवू, हा बेत. त्यांनी बापाला मारलं आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही मारलं. म्होरकीला 2011 मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली.

मोरा स्वतःच्या बागेच्या बांधावर उभे होते. हे लोक घरापासून दूर, दुसऱ्यांच्या वाटेवर येऊन उभे राहिले. दोघांना एकाच नावाखाली घालणं हा मला मोरांवर अन्याय वाटतो. शिवाय फेंटानिल नावाचं जे विष अमेरिकेत हजारोंचे जीव घेतं, ते मुख्यतः वाळवंटातून पाठीवर येत नाही. ते अधिकृत नाक्यांवरून गाड्यांत लपवून जातं आणि त्यात शिक्षा झालेल्यांमध्ये बहुसंख्य अमेरिकी नागरिक असतात. खुर्ची टाकून वाळवंटाकडे बघत बसलेल्याला ते दिसणार कसं?

उलट दिशेने काय येतं, तेही पाहायला हवं. मेक्सिकोत सामान्य माणसाला कायदेशीर बंदूक विकत घ्यायची तर लष्कराच्या दुकानात जावं लागतं, आणि अशी दुकानं देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. तरी टोळ्यांकडे रायफलींचा तुटवडा नाही. गुन्ह्यांत सापडलेल्या ज्या शस्त्रांचा माग अमेरिकी यंत्रणांनी काढला, त्यातली साधारण 70 टक्के अमेरिकेतून आलेली निघाली. मेक्सिको सरकार बंदूक कंपन्यांविरुद्ध अमेरिकी कोर्टात गेलं. 5 जून 2025 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा एकमताने फेटाळला.

(दृश्य : आपात्सिंगानची पॅकिंग शेड, बंद शटर.)

पुन्हा खोऱ्यात. टोळ्या आता ड्रोनमधून बॉम्ब टाकतात, शेतरस्त्यांवर सुरुंग पेरतात, आणि बागेत निघालेला शेतकरी-मजूर त्यावर पाय पडून मरतो. ऑगस्ट 2024 मध्ये हप्त्याला कंटाळून आपात्सिंगानच्या पॅकिंगवाल्यांनी शेड बंद ठेवल्या. लिंबूवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष बेर्नार्दो ब्राव्हो हप्त्याविरुद्ध नाव घेऊन, तोंड दाखवून बोलत होते. 20 ऑक्टोबर 2025 ला त्यांचा मृतदेह सापडला. बारा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, त्याच राज्यातल्या उरुआपान शहराचे महापौर कार्लोस मांसो यांना पितरांच्या सणात भर चौकात गोळ्या घातल्या गेल्या.

त्यानंतर केंद्राने आणखी सैनिक पाठवले. त्याच महिन्यात मेक्सिकोच्या संसदेने खंडणीविरुद्ध देशभरासाठी एकच कायदा मंजूर केला. आता पीडिताने तक्रार दिली नाही तरी गुन्हा चालवणं हे सरकारचं काम आहे, आणि 089 या क्रमांकावर नाव न सांगता माहिती देता येते. 2013 मध्ये ला रुआनातल्या बागायतदाराकडे असा कायदा नव्हता. त्याचा हप्ता गोळा करणाऱ्यावर खटला उभा करण्याची जबाबदारी आता कागदावर तरी बागायतदाराची राहिलेली नाही.