काका, दाबू नका, फटका मारा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय स्केटबोर्डवर, आणि बोलणारा माणूस ४१ वर्षांचा, गुडघा कुरकुरणारा, रविवारी सकाळी कोथरूडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांच्यात धडपडणारा. भाच्याला सोडायला जायचो, दोन रविवार गाडीत बसून मोबाईल बघितला, तिसऱ्या रविवारी म्हणलं बघू तरी काय चाललंय, आणि अडकलो.

तिथे सर कोणी नाही. शिट्टी नाही, रांग नाही, "चला, सगळ्यांनी दहा वेळा" असलं काही नाही. दहा-बारा पोरं, सात-आठ बोर्ड, जो तो आपापलं काहीतरी करतोय, पडतोय, उठून परत तेच. पहिल्या दिवशी मला वाटलं नुसता टाइमपास आहे. शिकवणं चालू होतं, पण दोन प्रयत्नांच्या मधल्या चार सेकंदांत, बोर्ड उचलून परत जागेवर येईपर्यंत, त्यामुळे ते दिसतच नव्हतं.

मला शिकायची होती ऑली. म्हणजे हात न लावता बोर्डासकट उडी. फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेल्फंडने, ज्याचं टोपणनावच ऑली, त्याने १९७० च्या दशकाच्या शेवटी ती गोल भिंतींच्या बोलमध्ये, म्हणजे वाडग्यासारख्या खड्ड्यात काढली आणि पुढच्या काही वर्षांत रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर आणली. आजच्या कितीतरी ट्रिक्स तिच्यावर उभ्या आहेत. मागच्या पायाने बोर्डाच्या शेपटीला, टेलला, फटका द्यायचा, टेल जमिनीवर आपटते, पुढचं टोक वर येतं, तेवढ्यात पुढच्या बुटाची बाहेरची कड ग्रिप टेपवरून, म्हणजे तो वरचा सॅंडपेपरसारखा कागद, त्यावरून घासत पुढे न्यायची, की मागचं टोकही वर उचललं जातं.

हे सगळं मी व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. उपयोग शून्य. मग ग्रुपमधल्या सगळ्यात भारी पोराला विचारलं, इंजिनिअरिंगला आहे, किकफ्लिप, म्हणजे उडीत बोर्ड पायाखाली गरकन फिरवायचा, ती तर बोलता बोलता मारतो, तो म्हणला "काही नाही काका, उडी मारायची फक्त". खरंच बोलत होता बिचारा, त्याला आता तेवढंच करावं लागतं. शेवटी सहावीतली एक मुलगी, तिला स्वतःला ऑली येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, ती जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही टेल दाबताय. दाबू नका, फटका मारा. स्ट्रायकर मारतो ना कॅरममध्ये, तसा. टक असा आवाज आला पाहिजे." आणि गेली निघून. पुढचा अर्धा तास मी पायाकडे लक्षच दिलं नाही, नुसता आवाज ऐकत होतो, धप, धप, खर्र, धप, आणि मग एकदाची टक.

कुठे अडतं हे तिच्या पायाला अजून आठवत होतं, त्या भारी पोराचा पाय ते कधीच विसरलाय. आणि तिने एकच गोष्ट सांगितली हो, माझ्या किमान सहा चुका तिला दिसत असणार.

आपल्याकडे हे अगदीच नवीन नाही. पेठांमधल्या तालमींत वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून एखादाच शब्द टाकतो, बाकी पोरगं जोडीदाराशी झटून शिकतं. फरक एवढाच की तिथे आज काय करायचं ते वस्ताद ठरवतो, पार्किंगमध्ये ते तुमचं तुम्ही ठरवता.

परीक्षा पण असते बरं का. स्केट नावाचा खेळ आहे, एकाने ट्रिक मारायची, दुसऱ्याने तीच मारायची, चुकला की स्केट या शब्दातलं एक इंग्रजी अक्षर त्याच्या नावावर, पाच झाली की बाद. मी सहसा दोन मिनिटांत बाद होतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ ला, स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच आलं. महिलांच्या स्ट्रीट प्रकारातलं सुवर्ण जपानच्या मोमिजी निशियाला, वय १३. पण मला जास्त आठवते ती पार्क प्रकाराची फायनल, मिसुगु ओकामोतो शेवटच्या रनमध्ये पडली, पदक गेलं, रडत बाहेर आली, तर बाकीच्या स्पर्धक मुलींनी तिला खांद्यावर उचललं. आमच्या पोरांना त्याचं काही विशेष वाटत नाही, मलाच वाटतं.

आता क्लासवाल्यांना शिव्या देतोय असं समजू नका. पडायचं कसं हे कोणीतरी नीट शिकवलंच पाहिजे, सरळ हात टेकला की मनगट जातं, गुडघे वाकवून अंगाचा गोळा करून लोळायचं असतं, आणि हेल्मेट तर हवंच. पण "किती महिन्यांत येईल" असं विचारणारे पालक मी बघितलेत, त्यांना काय सांगणार? आणि चाकं मऊ घ्या, ७८ए च्या आसपासची (हा चाकाच्या कडकपणाचा आकडा), ९९ए ची कडक चाकं गुळगुळीत काँक्रीटवर छान पळतात पण आपल्या रस्त्यावर एक खडा आला की बोर्ड जागेवर आणि तुम्ही पुढे.

माझी ऑली उभ्या जागी तीन बोटं उठते. चालत्या बोर्डावर अजून जमत नाही. परवा विचारलं तर ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही उडी मारायच्या आधीच घाबरून मागे झुकताय, खांदे बोर्डाच्या वर ठेवा." भाच्याने लगेच स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून दाखवला. झुकतोय खरं.