वावरात बाजेवर पडून देवयानी दीर्घिका पाहायची कशी?

राम राम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न कितीतरी जणांनी टाकलाय. “भाऊ, ती देवयानी दीर्घिका आम्हाले काऊन दिसत नाही?” दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आणि देवयानी म्हणजे इंग्रजीतली अँड्रोमेडा. म्हणून आज तेवढंच सांगतो.

बाकीचं आकाश भरभर. कार्तिकात रात्री नऊला पश्चिमेकडे अभिजित, हंस आणि श्रवणाचा मोठा त्रिकोण. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका, त्याखाली तांबूस रोहिणी. उत्तरेला ‘एम’ अक्षरासारखी शर्मिष्ठा. हे सगळ्यांना सापडतं.

आता वावरात बाज टाका, पाय उत्तरेकडे. जवळपास डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, म्हणजे आपल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडेच पुढचा ठळक तारा धरा. तिथून शर्मिष्ठेकडे वळा. एक मंद तारा, मग आणखी मंद दुसरा. त्याला लागूनच धुरकट ठिपका. तीच देवयानी.

इथपर्यंत सगळे पोचतात. चुकतं ते पुढे. अंधारात बसायचं कमीत कमी वीस मिनिटं, अर्धा तास दिला तर उत्तम! या वेळात मोबाइल नाही. एकदा स्क्रीन पाहिली की पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं. डोळ्यातल्या मंद उजेड टिपणाऱ्या पेशींना तयार व्हायला एवढा वेळ लागतोच. बॅटरी लागणारच असेल तर तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा, लाल उजेडाने या पेशी फारशा बिघडत नाहीत.

मी स्वतः दोन वर्षं तुरीच्या वावरात जागलीला जायचो आणि मला ती दिसली नाही. दर पाच मिनिटांनी मोबाइलवरचा नकाशा उघडायचो ना! आमच्या आबाजींजवळ मोबाइलच नाही. त्यांना नुसती दिशा सांगितली, तर म्हणाले, “ते काय, कापसाच्या पुंजक्यावानी?” त्यांना माझ्याआधी दिसली.

अजून एक. तिच्याकडे रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा. नजरेच्या मधोमध त्या पेशी नसतात, कडेला असतात. पण हेही अंधाराला सरावल्यावरच जमतं. पुन्हा तेच, वीस मिनिटं!

एका ताईंनी लिहिलंय, कोजागिरीला दूध आटवताना दाखवा. ताई, पुनवेच्या चांदण्यात ती बुडून जाते. कार्तिक वद्य पंचमीपासून अमावास्येपर्यंत चंद्र उशिरा उगवतो, त्या रात्री धरा.

“फोटोत तर रंगीत दिसते” असंही विचारतात. कॅमेरा कितीतरी मिनिटं उजेड साठवतो, डोळा साठवत नाही. आणि मंद उजेडात डोळ्याला रंग कळतच नाहीत. पण त्या धुरकट ठिपक्याचा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, आपली मानवजात नव्हती तेव्हा! तो थेट तुमच्या डोळ्यात पडतो, मधे काच नाही, यंत्र नाही. म्हणून दुर्बिणीला पैसे घालायची घाई करू नका.

खरी गरज अंधाराची आहे. नागपूर जिल्ह्यातला आपला पेंच व्याघ्र प्रकल्प 2024 मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं काळोखं आभाळ जपणारी जागा झाला, ते याच अंधारामुळे. आणि आमच्या गावात खांबावरचे नवे पांढरे दिवे निम्मा उजेड आभाळात फेकतात. त्यांना वरून झाकण लावा म्हणून मी दोनदा अर्ज दिलाय, तिसराही देणार.

आता हा कॅमेऱ्याचा लाइट बंद करतोय. माझी वीस मिनिटं इथून सुरू.