हट्ट नेमका शिकवतं कोण?

संध्याकाळचे साडेसहा, ठाण्याची तलावपाळी. गडकरी रंगायतनपासून पुढे चालत आलात की फुगेवाले, बबलवाले, भेळ, बोटिंगची गर्दी, आणि त्या गर्दीत फुटपाथवर फतकल मारून बसलेला हा साडेतीन वर्षांचा पठ्ठ्या, त्याला लाइटवाला फुगा हवाय. आई दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा आवाज चढला, मग पोराने भोकाड पसरलं, येणारेजाणारे वळून बघायला लागले, एक काकू "अगं दे ना, लेकरू आहे" म्हणून पुढे निघूनही गेल्या. आणि पर्समधून नोट बाहेर आली.

पोराला काय कळलं? की नाही म्हणजे नाही नसतं, नाही म्हणजे अजून जोर लाव.

बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर बरेच प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा, अशी सवय असलेलं कबुतर दाणे बंद झाले की तुलनेने लवकर नाद सोडतं. पण कधी दाणा मिळतो कधी नाही अशी सवय लागलेलं कबुतर टोचतच राहतं, टोचतच राहतं. आता घरात बघा, सोमवारी आई नाही म्हणते, मंगळवारी बाबा वैतागून हो म्हणतात, बुधवारी आबा गुपचूप खिशातून चॉकलेट काढतात. हट्ट पक्का करायची याहून चांगली सोय नाही.

आणि एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तुम्ही खरंच ठाम राहायचं ठरवलंत ना, की सुरुवातीला रडणं कमी होत नाही, वाढतं. कारण कालपर्यंत जे चालत होतं ते आज चालेना, म्हणून पोर जोर वाढवून बघतं. बहुतेक आईबाप नेमके इथेच ढेपाळतात, आणि मग पोर शिकतं ते वाढवलेल्या जोरावर.

बरं, ठाम म्हणजे धपाटा नाही हां. शाळेत मुलांना मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 17 ने बंदी आहे, घरात मात्र "एक ठेवून दिली की सुतासारखा सरळ" हे अजून कौतुकाने सांगितलं जातं. सरळ होतो तो भीतीने, आणि तेही तुम्ही समोर असेपर्यंत. रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जावी लागते, मग भोकाड चालू असताना साडेतीन वर्षांच्या पोराला लेक्चर देऊन काय होणार? खाली बसायचं, त्याच्या उंचीला यायचं, "फुगा हवा होता ना, राग आलाय" एवढंच बोलायचं, आणि फुगा द्यायचा नाही. ओसरलं की जवळ घ्यायचं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून आलेल्या माणसाला शांत राहा म्हणणं सोपं आहे हे मान्य, म्हणूनच खरं काम रडण्याच्या आधीचं आहे.

हे घर बघा. आजी भरवतेय, समोर मोबाइल, तोंड आपोआप उघडतंय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय, 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन, त्याहून कमी तर उत्तमच. पण मोबाइल हिसकावला की रणकंदन. इथे मुलाच्या आईने, ताईंनी, एक साधी गोष्ट केलीय, "पाच मिनिटांनी बंद" म्हणणं सोडून दिलंय, कारण त्या वयात पाच मिनिटं म्हणजे काय ते कळतच नाही. त्या म्हणतात, "हे गाणं संपलं की बंद, आणि बटण तूच दाबायचं." गाणं संपतं... बटण दाबलं जातं, थोडी कुरकुर होते, आणि ताई लगेच म्हणतात, "गाणं संपल्या संपल्या बंद केलंस!" नुसतं शहाणं बाळ नाही, काय केलं ते नाव घेऊन. तसंच "पळू नको" ऐवजी "माझं बोट धर". काय करायचं ते सांगितलं की मुलाला पटकन समजतं.

चांगलं वागलं की स्टिकर चिकटवायचा, असले तक्ते वगैरे मला फारसे पटत नाहीत. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बालवाडी सुरू केली, आणि मार नको तसं बक्षिसाचं आमिषही नको हा या मंडळींचा आग्रह होता. कौतुक वेगळं, लाच वेगळी.

झोपेचंही बघा जरा. 3-4 वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. बाबा साडेआठला येणार, जेवणं दहाला, झोप साडेअकराला, सकाळी प्लेग्रुपची व्हॅन. अशा पोराची संध्याकाळची किरकिर हा हट्ट नसतोच, त्याला झोप हवी असते.

राहता राहिले आबा आणि त्यांच्या खिशातलं चॉकलेट. त्यांच्याशी बोलायचं कोणी? सुनेने नाही, मुलाने. रविवारी चहाच्या वेळी, नातू झोपलेला असताना, आणि चॉकलेट बंद करा असं न म्हणता, "बाबा, जेवण झाल्यावर तुम्हीच देत जा, पण रडून मागितलं तर नाही" असं.