ठरलं होतं साडेसातचं

(दृश्य: ऐरोली स्थानक, संध्याकाळची गर्दी)

ऐरोली, दिघा गाव, ठाणे. गाडीत शिरायला मिळालं तर प्रवास काही मिनिटांचा. खरी परीक्षा ठाण्याला उतरल्यावर सुरू होते. रिक्षाची रांग, मग कापूरबावडी, आणि तिथून पुढे मेट्रो 4 च्या खांबांखाली तुंबलेला घोडबंदर रोड. ऐरोलीच्या ऑफिसातून सहाला निघालेली आई कासारवडवलीला किती वाजता पोचेल, हे तिलाही सांगता येत नाही.

म्हणून मुलीसाठी पाळणाघर बघताना या ताईंनी फी नंतर विचारली. आधी विचारलं, बंद किती वाजता करता? उत्तर आलं, साडेसात. फॉर्मवरही तेच छापलेलं होतं. महिना 9,500 रुपये, दुपारचं गरम जेवण त्यातच, कॅमेऱ्याचं ॲप मोफत, आणि दोन महिन्यांची फी डिपॉझिट.

(दृश्य: भिंतीलगत बोटभर लांबीच्या चपला, वर कप्प्यांत नावं लिहिलेल्या पिशव्या)

हे मात्र ते पाळणाघर नाही. तिथे कॅमेरा आत नेऊ दिला नाही. हे त्याच रस्त्यावरचं दुसरं, आणि इथल्या बाईंनी आम्हाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुशाल बसू दिलं.

साडेबाराला मावशी वरणभात कालवायला घेतात. एकाच ताटात कालवायचा आणि सहा तोंडांत फिरवायचा. एकाला तूप जास्त लागतं. एकीला भातात मोहरी दिसली की ती बाहेर काढून मावशींच्या हातावर ठेवते. एक जण घास गालात धरून बसलाय, तो गिळणार नाही हे मावशींना माहीत आहे, त्या पुढच्याकडे वळतात. दीडला गाद्या पडतात. चारच्या सुमाराला पहिली हाक येते, आणि मग सगळं घर एकदम जागं होतं.

पालक पैसे मोजतात ते याचे. जेवण, झोप, लक्ष ठेवणारं माणूस आणि ठरलेली वेळ. या चारांतलं एक जरी निघालं, तरी बाकीच्या तिघांचा उपयोग निम्मा होतो.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, जवळून)

हा संदेश ताईंच्या पाळणाघराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका गुरुवारी रात्री आला. पहिल्या तारखेपासून वेळ साडेसहापर्यंत. पुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांना 200 रुपये. गरम जेवण बंद, डबा घरून द्यावा. ॲप हवं असल्यास वेगळे पैसे. फी तीच. शेवटी हात जोडलेली दोन चित्रं.

खाली एकही उत्तर नाही. पालक गप्प बसले म्हणून नव्हे. या गटावर लिहायची सोय फक्त ॲडमिनला आहे.

2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं, त्यानंतर या पट्ट्यात कॅमेरा ही जाहिरातीतली पहिली ओळ झाली. तोच कॅमेरा आता वेगळ्या पैशांत. पाळणाघराने आम्हाला पाठवलेल्या पत्रात म्हटलंय की जागेचं भाडं वाढलं आणि संध्याकाळी थांबायला मावशी मिळत नाहीत. दोन्ही खरं असेल. घोडबंदर रोडवर भाडं कुणाचं वाढलं नाही? पण भाडं वाढलं म्हणून ठरलेला तास परस्पर कापता येत नाही.

(दृश्य: जेवणाचं टेबल, त्यावर पसरलेले कागद)

रविवारची दुपार. आई, बाबा, आणि ग्राहक चळवळीत बरीच वर्षं काम केलेल्या एक काकू. काकूंनी चहा बाजूला सरकवला आणि आधी फॉर्म मागितला. फॉर्म मिळायला अर्धा तास गेला. तो लसीकरणाच्या फाइलमध्ये होता.

काकूंचं बोट थेट अकराव्या कलमावर. ‘व्यवस्थापन कोणत्याही वेळी पूर्वसूचनेशिवाय नियम बदलू शकते.’ खाली आईची सही. आईचा चेहरा उतरला, तो तुम्हाला दिसतोच आहे.

काकू म्हणाल्या, सही झाली म्हणून सगळं संपलं असं नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 62 काढा. जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा तर दोघांची संमती लागते. आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 ने ‘अन्याय्य करार’ ही गोष्ट पहिल्यांदा कायद्यात आणली. अवास्तव डिपॉझिट, नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड, सबळ कारणाशिवाय एकाच बाजूला करार मोडायची मुभा, ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट, हे सगळं त्यात बसतं. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती.

पण इथे एक मेख आहे, आणि भले भले इथेच अडकतात. करारच अन्याय्य आहे असं म्हणून तक्रार केली, तर ती जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. म्हणून काकूंनी मसुद्यातला तो परिच्छेद खोडला. त्याऐवजी लिहिलं: साडेसातपर्यंतच्या सेवेचे पैसे घेतले, सेवा साडेसहापर्यंत दिली, जेवण कबूल करून बंद केलं. ही सेवेतली त्रुटी. ही तक्रार ठाण्याच्या जिल्हा आयोगात चालते.

दुसरी मेख पावतीत निघाली. पावतीवर छापलंय ‘प्लेग्रुप व डे-केअर शुल्क’, रक्कम एकत्र. 2020 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मनू सोळंकी प्रकरणात ठरवलं की कोचिंग क्लास वगळता शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत. म्हणजे सामनेवाले उद्या उभे राहून म्हणू शकतात, आम्ही तर शाळा! काकूंनी जुन्या पावत्या चाळल्या. पहिल्या दोन महिन्यांच्या पावत्यांवर डे-केअरचे पैसे सुटे लिहिलेले सापडले. त्या दोन कागदांना काकूंनी लगेच वेगळं पाकीट केलं. मुलाला दुपारी झोपवणं आणि साडेसातपर्यंत सांभाळणं म्हणजे शिक्षण नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या मते बिनतोड आहे. तरी प्रवेश घेतानाच सांभाळण्याच्या पैशांची वेगळी पावती मागून घ्या.

तिसरं काम त्याच टेबलावर, मोबाइलवरून झालं. पाळणाघराच्या ईमेलवर चार ओळी गेल्या. बदललेल्या अटी मान्य नाहीत. मूळ अटींप्रमाणे सेवा द्यावी. या महिन्याची फी आक्षेप नोंदवून भरत आहोत. लेखी उत्तर द्यावं. तोंडी भांडून आलेले पालक पुष्कळ असतात. पण गप्प राहून दोन-तीन महिने नव्या अटींवर फी भरली की समोरचा ‘तुम्हाला मान्यच होतं’ म्हणायला मोकळा.

(दृश्य: टपाल कार्यालयाची खिडकी, लिफाफा काट्यावर)

उत्तर आलं नाही, म्हणून नोटीस. ती पालकांनी स्वतः लिहिली, वकील नाही. स्पीड पोस्टाने. लिफाफा पोचल्याची नोंद छापून फाइलला.

मग ई-जागृती. ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करायचं, 2025 च्या जानेवारीत सुरू झालेलं हे पोर्टल. त्याआधी ई-दाखिल होतं. तक्रार, घटनांचा तारीखवार तक्ता, शपथपत्र, आणि पानांना नंबर घातलेले पुरावे. पान नंबर 14 हा तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश. बाबांनी स्कॅन केलेली फाइल पहिल्यांदा आडवी चढली, ती पुन्हा चढवताना घरात थोडी बोलाचालीही झाली, ती आम्ही ठेवली आहे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य. वर्षभराची पाळणाघराची फी त्याच्या आतच बसते.

(दृश्य: पामबीच रस्ता, मग बेलापूरचं कोकण भवन)

नवी मुंबईकरांसाठी एक गोष्ट. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, आणि शेजारचं खारघर रायगडात. खारघरच्या आईने जिल्हा पाहून अलिबागचा रस्ता धरायलाच हवा असं नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे नोकरी करतो, तिथेही तक्रार करता येते. नोकरी ऐरोलीत असेल तर ठाणे जिल्हा चालतो. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आयोगापर्यंत जायचं नसेल त्यांनी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी, काही वेळा तेवढ्यानेही समोरचा बोलायला येतो.

सामनेवाल्यांना उत्तर द्यायला 30 दिवस, आणि फार तर आणखी 15. त्यापुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्येच सांगितलंय. इथे उत्तर मुदतीत आलं, आणि त्यासोबत तडजोडीची तयारीही.

आयोगात कॅमेरा नव्हता. मध्यस्थीत डिपॉझिट परत मिळालं, लेटफीचे पैसे मिळाले, मनस्तापाच्या भरपाईवर पालकांनी पाणी सोडलं. मुलगी आता दुसरीकडे जाते.

(दृश्य: नवा फॉर्म, पेन, दोन सह्या)

त्या गटातल्या बाकीच्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी नव्या अटींवर मुलं तिथेच ठेवली. आमच्याशी बोलायला ते तयार झाले नाहीत, आणि का ते कळतं. मूल रोज सकाळी ज्यांच्या हातात द्यायचं, त्यांच्याशी भांडण कोण ओढवून घेणार?

नव्या पाळणाघराच्या फॉर्मवरही असंच एक कलम होतं. आईने ते आडवी रेघ मारून खोडलं आणि बाजूला हाताने लिहिलं, ‘बदल एक महिना आधी लेखी कळवून व पालकांच्या सहीनंतरच लागू.’ चालक ताईंनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि शेजारी सही केली. त्याआधी पाहिलेल्या एका ठिकाणी मात्र ‘आमचा फॉर्म छापील आहे, त्यावर लिहिता येत नाही’ असं उत्तर मिळालं होतं. तिथे आईने प्रवेश घेतला नाही.