सेन्सर बदलण्याआधी नळ्या बघा

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. पिकअपचा पिवळा दिवा लागतो, गाडी ओढत नाही, स्कॅनर मारला की पी२४५३ नाहीतर पी२४५५ हा बिघाडाचा कोड येतो. मग डीपीएफचा, म्हणजे धुराच्या फिल्टरचा, प्रेशर सेन्सर बदलूनच टाकायचा ना? माझं म्हणणं, आधी त्याच्या नळ्या बघा.

१ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुराचं बीएस-६ मानक लागू झालं आणि डिझेल पिकअपमध्ये धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. तोच डीपीएफ. अडवलेली काजळी तिथल्या तिथे जाळायची तर आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. काजळी किती साठली, हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दाबावरून ओळखतो. फिल्टर तुंबत जातो तसा त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यातला फरक वाढतो. तो फरक मोजायचं काम या सेन्सरचं.

बॉनेट उघडून थेट सेन्सर शोधायला गेलात तर वायरींच्या जंजाळात तो सापडत नाही. फिल्टर शोधा. काही गाड्यांत तो टर्बोला लागून असतो, काहींत चॅसिसखाली. त्याच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक लोखंडी नळ्या निघतात. त्यांच्यावरून बोट फिरवत वर या, अर्थात गाडी पूर्ण थंड झाल्यावर. पुढे रबरी नळी लागते आणि तिच्या टोकाला, बहुतेक वेळा केबिनच्या भिंतीवर किंवा ब्रॅकेटवर, काडेपेटीएवढा काळा डबा असतो. तीन वायरी: पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ (निगेटिव्ह) आणि सिग्नल. काही मॉडेलांत एकच नळी असते, तेव्हा दुसरी तुटून पडली असं समजू नका.

हा डबा उंचावर का बसवतात, ते लक्षात घ्या. एक लिटर डिझेल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर पडतं, पण थोडं नळ्यांत थंड होऊन थेंब धरतं. नळी उतारावर असेल तर पाणी परत सायलेन्सरकडे जातं. कुणी इंजिनचं काम करताना नळीला झोळ पडू दिला, की पाणी तिथेच साचतं, त्यात काजळी मिसळते आणि रीडिंग खोटं यायला लागतं.

त्यात आपला किनारा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरली की टबांतलं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चॅसिसवर गळत राहतं. लोखंडी नळीला गंज फिल्टरजवळच्या जोडापाशी आधी धरतो. कनेक्टर उघडलात तर पिना हिरव्या पडलेल्या दिसतील. त्या कॉन्टॅक्ट क्लिनरने साफ करून, सील तपासून कनेक्टर परत बसवा. पुष्कळदा काम तिथेच संपतं आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

आता परीक्षा. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर लाइव्ह डेटा. फरक शून्याच्या आसपास हवा. नसेल तर दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढा. दोन्ही तोंडांना आता एकच हवा लागतेय, म्हणजे फरक शून्यच दिसला पाहिजे. तरीही दाब दाखवतोय? मग मल्टिमीटर लावून सप्लाय आणि अर्थ बघा, सिग्नलची वायर कुठे तुटली वा घासली नाही ना तेही बघा. हे सगळं ठीक असेल तर सेन्सर गेला, खुशाल बदला. नळी साफ करायला हवा मारायची असेल तर ती सेन्सरवरून सोडवूनच मारा. आतला पडदा नाजूक असतो, कॉम्प्रेसरच्या दाबाने फाटतो.

बदलणं सोपं आहे. बॅटरीचा अर्थ काढा, कनेक्टर सोडवा, नळ्यांवर खूण करा. ही खूण विसरू नका, कारण अदलाबदल झाली तर रीडिंग उलटं येतं. रबर कडक झालं असेल किंवा तडकलं असेल तर नळीही नवी घाला, पण धुराची उष्णता सोसणारी. पाण्याचा साधा पाइप चालत नाही. शेवटी स्कॅनरवरून कोड पुसा आणि ज्या गाडीत सोय आहे तिथे ईसीयूला नव्या सेन्सरचं शून्य शिकवून घ्या. ते राहिलं तर ईसीयू जुनाच हिशेब धरून बसतो.

काही जण या कटकटीला कंटाळून फिल्टरच कापून टाकतात. मला याचा मनापासून राग येतो. गाडी जेटीवर चालू ठेवून उभी असते आणि तिच्या सायलेन्सरशेजारी बायका मासळी निवडत बसलेल्या असतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय. शिवाय ते कायद्यातही बसत नाही.

नवा सेन्सर घातला, नळ्या मोकळ्या आहेत, तरी फरक जास्तच? मग सेन्सर खरं बोलतोय. गाडी दिवसभर जेटी ते बर्फाचा कारखाना एवढीच फिरत असेल तर फिल्टर तापतच नाही. एकदा माल भरून आंबा घाट चढवा, काजळी जळायला तेवढं तापमान मिळतं. मात्र दिवा लुकलुकत असेल किंवा गाडीने ताकद सोडली असेल, तर आधी स्कॅनरवरून रीजन, म्हणजे काजळी जाळायचं काम, करून घ्या. आणि जळल्यानंतरही फरक उतरला नाही तर ती काजळी नव्हे, इंजिन ऑइलची राख आहे. राख जळत नाही; फिल्टर उतरवून साफ करावा लागतो, आणि पुढच्या वेळी कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच भरावं लागतं.