आधी सुटा भाग विचारा

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

पत्रिकेवर ‘पैसे वसूल झालेल्या खरेद्या’ असा विषय छापला आहे, आणि प्रेशर कुकर, मिक्सर व शिलाई मशीन या तीन वस्तूंवर बोलेन असे मी आयोजकांना कळवले होते. माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तू स्वस्त पडली की महाग, हे दुकानात कळत नाही. तिचा झिजणारा भाग पहिल्यांदा बदलायची वेळ येते, तेव्हा कळते.

आमचा पाच लिटरचा कुकर १९८८ साली पुण्याच्या तुळशीबागेतून घेतलेला आहे. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे, त्यामुळे या भांड्याकडे मी नेहमीच थोड्या जास्त प्रेमाने पाहिले. उघड्या पातेल्याखाली गॅस कितीही मोठा केला, तरी पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळते आणि तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट होतो आणि तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. डेनिस पापँने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला असे भांडे करून दाखवले होते, आणि दाब वाढला तर वाफेला वाट मिळावी म्हणून झडप बसवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. आपल्याकडे हॉकिन्सची कंपनी १९५९ मध्ये मुंबईत निघाली. त्यानंतर घराघरांत शिट्ट्या मोजल्या जाऊ लागल्या. शिट्ट्या किती झाल्या यावरून ज्यांच्या घरी कधीच वाद झाला नाही, त्यांनी हात वर करावा. एकही नाही, हे पाहून मला फार बरे वाटले.

पण मला दाखवायचे आहे ते झाकण. आतल्या काठाला ही रबरी रिंग आहे. ती कडक झाली की काठावरून वाफ फुसफुसते, थेंब ओघळतात, शिट्टी नुसती थरथरते आणि तळाचा भात करपू लागतो. ती बदलायला पाना लागत नाही, कारागीर लागत नाही, आणि तिची किंमत नव्या कुकरच्या तुलनेत अगदीच किरकोळ असते. शेजारचा हा सेफ्टी व्हॉल्व्ह पाहा. याच्यात ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू आहे. पाणी आटून भांडे प्रमाणाबाहेर तापले की तो वितळतो, वाफ निघून जाते आणि भांडे वाचते. संकट आले तर कोणता भाग गमवायचा, हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले आहे आणि तो भाग स्वस्त व सुटा ठेवला आहे. आमच्या कुकरची रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह आणि मूठ हे सगळे बदलून झाले. भांडे आणि झाकण तेच आहे.

आता मिक्सर, आणि इथे मला मनापासून तक्रार करायची आहे. जारच्या बुडाशी आणि मोटरच्या दांड्यावर एकमेकांत अडकणारे दोन दातेरी तुकडे असतात, त्यांना कपलर म्हणतात. ते मुद्दाम रबराचे किंवा प्लास्टिकचे करतात, कारण पाते अडकले तर दाते तुटावेत आणि मोटर जळू नये. म्हणजे मूळ कल्पना कुकरच्या व्हॉल्व्हसारखीच शहाणपणाची आहे. आमच्या घरी बऱ्यापैकी महाग असा एक मिक्सर होता. सुक्या खोबऱ्याची चटणी वाटताना त्याच्या कपलरचे दाते झिजून गोल झाले. मोटर सुरेल घुमत होती आणि पाते जागचे हलत नव्हते. कंपनीच्या सेवा केंद्रात मला सांगितले गेले की हे मॉडेल बंद झाले आहे, कपलर येत नाही, जुना मिक्सर द्या आणि सवलतीत नवा घ्या. मी तो तुकडा घेऊन दुरुस्तीच्या दुकानांतून हिंडले. एका वयस्कर कारागिराने तो बोटांत फिरवून पाहिला, डब्यातले दहा-बारा कपलर लावून पाहिले आणि म्हणाला, “ताई, यांनी दाते आणि आटे दोन्ही वेगळे ठेवलेत. दुसऱ्या कुणाचा बसूच नये म्हणून.” मूठभर प्लास्टिकसाठी तांब्याच्या तारांची उत्तम मोटर भंगारात गेली, आणि याला कोणी नुकसान म्हणत नाही, जुने देऊन नवे घेण्याची योजना म्हणतात. मला याचा आजही संताप येतो.

हे अधिकच लागते, कारण भारतीय मिक्सरचा जन्मच न मिळालेल्या दुरुस्तीतून झाला. माथुर दांपत्याच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही आणि तो इथे दुरुस्त होईना, म्हणून सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ मध्ये आपल्या स्वयंपाकाला पेलेल असा ‘सुमीत’ मिक्सर घडवला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भरभर सांगते.

शिलाई मशीन. पायाने चालवायच्या काळ्या मशीनची सुई, बॉबिन आणि चामडी पट्टा तालुक्याच्या बाजारातही मिळतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक साध्या मशीन एकाच जुन्या रचनेवर बेतलेल्या आहेत आणि एकीचा भाग दुसरीला चालतो. त्यामुळेच आजीची मशीन नात चालवू शकते.

म्हणून खरेदीला निघताना शोरूमच्या आधी दुरुस्तीच्या दुकानात जावे. यातले काय आधी झिजते, ते सुटे मिळते का आणि इथे बसवून मिळते का, एवढे विचारावे. तो माणूस विक्रेत्यापेक्षा खरे सांगतो, कारण नवी वस्तू विकण्यात त्याचा लाभ नसतो. किमतीला वापराच्या वर्षांनी भागायचे असेल, तर ती वर्षे जाहिरातीवरून न धरता या उत्तरांवरून धरावीत. मोबाइलला हीच कसोटी लावली, तर चिकटवून टाकलेली बॅटरी तिथेच नापास होते. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता-घालता यावी असा नियम केला आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ते चांगलेच झाले, पण माहिती पोर्टलवर असून भागत नाही, ती वस्तूसोबत हातात आली पाहिजे. तेव्हा घरगुती उपकरणाच्या प्रत्येक वॉरंटी कार्डावर झिजणाऱ्या भागांची नावे, त्यांच्या किमती आणि ते कोणत्या सालापर्यंत पुरवले जातील हे मराठीत छापणे बंधनकारक करावे, असा ठराव मी या सभेपुढे मांडते. अनुमोदनाची कागदपत्रे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत.